मार्चिंग बँडसाठी बाहेरचा ड्रिल डिझायनर नेमताना

अमेरिकेत शाळेचा बँड म्हणजे स्नेहसंमेलनापुरते वाजवणारे पथक नव्हे. हायस्कूलची मुले ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत शुक्रवारी संध्याकाळी फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात आणि शनिवारी स्पर्धांमध्ये सात-आठ मिनिटांचा एक कार्यक्रम सादर करतात, आणि तो उभा करण्यासाठी उन्हाळ्यातले कॅम्प, शाळा सुटल्यानंतरचे तास आणि पालकांचे बरेच पैसे खर्ची पडतात. टेक्सास, इंडियाना, न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतली मुलेही क्लॅरिनेट, फ्लूट, ट्रम्पेट घेऊन या बँडमध्ये जातात आणि त्यांच्यामागोमाग आई-वडील बूस्टर क्लबाच्या, म्हणजे बँडसाठी पैसे उभे करणाऱ्या पालक-मंडळाच्या, बैठकांना जाऊ लागतात. तिथे हातात पडणाऱ्या अंदाजपत्रकात गणवेश, ट्रक, बसभाडे अशा चटकन समजणाऱ्या रकमांच्या मध्ये ‘ड्रिल डिझाइन’ नावाची काही हजार डॉलरची एक ओळ असते. मुलांनी मैदानात चालायचे कसे हे ठरवण्यासाठी एवढे पैसे कशाला, हा प्रश्न बहुतेक नव्या पालकांच्या मनात येतो. तो रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घेतले, की डिझायनर निवडताना काय पाहायचे आणि करारात काय लिहायचे हेही बरेचसे उलगडते.

अमेरिकन फुटबॉलचे मैदान एका गोल-रेषेपासून दुसरीपर्यंत १०० यार्ड लांब आणि ५३ यार्ड १ फूट रुंद असते आणि त्यावर दर ५ यार्डांवर आडवी रेषा आखलेली असते. बँडने याच रेषांचा आलेख-कागद करून घेतला आहे. दोन रेषांमधले ५ यार्ड अंतर ८ पावलांत कापायचे, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचे, सुमारे ५७ सेंटिमीटरचे, हे त्याचे प्रमाण पाऊल. मुलगा मैदानावर कुठे उभा राहणार हे त्याला दोन मापांत सांगितले जाते. उदाहरणार्थ : पहिली बाजू (म्हणजे मैदानाचा एक अर्धा भाग), ४० यार्डांच्या रेषेपासून ३ पावले बाहेर, पुढच्या हॅशच्या (मैदानावरच्या तुटक खुणांच्या) ४ पावले मागे. या जागेला मुले ‘डॉट’ म्हणतात. सगळ्यांचे डॉट मिळून जी आकृती होते तो एक ‘सेट’, आणि एका सेटवरून दुसऱ्यावर किती ठोक्यांत पोहोचायचे ते ‘काउंट’. अशा सेटांची अखंड मालिका म्हणजे ड्रिल. बँडमध्ये १२० मुले आणि कार्यक्रमात ६० सेट असतील, तर कोणीतरी ७,२०० जागा ठरवायच्या असतात, आणि शिवाय एका जागेवरून दुसरीकडे जाताना कोणी कोणावर आदळणार नाही, ट्रम्पेटचे तोंड प्रेक्षकांकडे राहील आणि झेंडे फिरवणाऱ्या मुलींना बाजूला जाऊन दुसरा झेंडा उचलण्यापुरता वेळ मिळेल, हेही पाहायचे असते.

हे काम आधी एवढे अवघड नव्हते. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने १९०७ साली रांगा मोडून मैदानावर ‘पी’ हे अक्षर उभे केले आणि फुटबॉलच्या मैदानावर असे अक्षर काढणारा पहिला बँड म्हणून त्याचे नाव घेतले जाते. ओहायो स्टेट विद्यापीठाचा बँड १९३६ पासून सलग चालत ‘ओहायो’ हा शब्द वळणदार अक्षरांत लिहितो, ती परंपरा आजही चालू आहे. पुढची अनेक वर्षे मैदानाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांचा जमाना होता, ज्यात एका बाजूची आकृती काढली की दुसरीचे काम आपोआप होई. खरा बदल शाळांबाहेरच्या ड्रम कोअर पथकांनी, म्हणजे पितळी वाद्ये आणि ड्रम घेऊन चालणाऱ्या तरुणांच्या पथकांनी, घडवला. त्यांच्या ड्रम कोअर इंटरनॅशनल या संघटनेची अंतिम स्पर्धा १९७२ पासून होते, आणि १९८३, १९८४ आणि १९८५ अशी सलग तीन वर्षे ती न्यू जर्सीच्या गारफिल्ड कॅडेट्स या पथकाने जिंकली. त्या पथकाचे ड्रिल जॉर्ज झिंगाली लिहीत असे. त्याने समतोल आकृत्या मोडीत काढल्या; त्याच्या मैदानावर रेषा वाकत, विरघळत, एका कोपऱ्यात दाटत आणि क्षणात दुसरीकडे फुटत. तो प्रकार एकदा पाहिल्यावर परीक्षकांना जुने ड्रिल सपक वाटू लागले आणि थोड्याच वर्षांत शाळांच्या बँडांनाही ती वाट धरावी लागली. बँड डायरेक्टर हा मुळात संगीताचा शिक्षक असतो, त्यामुळे अनेकांना हे दुसरे कसब जमेना किंवा त्यासाठी वेळ पुरेना. त्यातच कागद-पेन्सिलीच्या जागी पायवेअरसारखे सॉफ्टवेअर आले आणि डिझायनरने त्याच गावात राहण्याची गरज उरली नाही. अनेक शाळांची ड्रिल लिहून देणारा स्वतंत्र व्यावसायिक हा पेशा अशा रीतीने रुजला.

बाहेरचा डिझायनर प्रत्येक बँडला हवाच असतो असे मात्र नाही. पस्तीस-चाळीस मुलांचा, स्पर्धेला न जाणारा आणि फक्त मध्यंतरात वाजवणारा बँड असेल, तर डायरेक्टरने स्वतः लिहिलेले वीस-पंचवीस सेट किंवा विकत मिळणारे तयार ड्रिल पुरेसे होते. तयार ड्रिल ठराविक संख्येसाठी लिहिलेले असते आणि आपली संख्या जमवण्यासाठी त्यात माणसे घालावी किंवा गाळावी लागतात. अशी फेरजुळणी दोन-चार मुलांपुरती खपते, त्यापुढे आकृत्या फाटतात. नाकापेक्षा मोती जड व्हावा तसे शेजारच्या मोठ्या शाळेकडे पाहून लहान बँडने महागडे ड्रिल घेणे मला पटत नाही, कारण तेच पैसे उन्हाळी कॅम्पमध्ये चालणे शिकवणाऱ्या एखाद्या जादा प्रशिक्षकावर घातले तर बँड जास्त बरा दिसतो. स्पर्धा करायची असेल तर गणित वेगळे. इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये नोव्हेंबरात होणाऱ्या बँड्स ऑफ अमेरिकाच्या राष्ट्रीय स्पर्धेत काय किंवा जिल्ह्याच्या छोट्या स्पर्धेत काय, संगीताबरोबर दृश्यालाही गुण असतात, आणि हे दृश्य केवळ मुलांच्या मेहनतीवर नव्हे तर त्यांना दिलेल्या आराखड्यावरही अवलंबून असते.

डिझायनर शोधताना पहिली फसगत अॅनिमेशनमुळे होते. जवळजवळ प्रत्येक डिझायनर आपल्या कामाचा नमुना म्हणून संगणकावर सरकणाऱ्या ठिपक्यांची चित्रफीत दाखवतो आणि ती हमखास सुंदर असते. ठिपक्याला खांदे नसतात, त्याच्या अंगावर ड्रम नसतो, तो उलटा चालताना अडखळत नाही आणि दोन ठिपके एकमेकांच्या अंगातून आरपार गेले तरी तक्रार करीत नाहीत. प्रत्यक्षात दोन मुलांमधले नेहमीचे अंतर दोन पावलांचे, म्हणजे ४५ इंचांचे असते. कलर गार्डच्या, म्हणजे झेंडे फिरवणाऱ्या गटातल्या, मुलीच्या हातातली झेंड्याची काठी बहुधा सहा फुटांची असते. ती काठी त्या अंतरात फिरवली तर शेजारच्या क्लॅरिनेटवाल्याचे काय होईल हे अॅनिमेशन सांगत नाही. म्हणून नमुना मागायचा तो प्रत्यक्ष सादरीकरणाचा, स्टेडियमच्या वरच्या रांगेतून न कापता चित्रित केलेल्या पूर्ण कार्यक्रमाचा, आणि तोही आपल्याएवढ्याच संख्येच्या, साधारण आपल्याच कुवतीच्या बँडचा. अडीचशे मुलांच्या नामवंत बँडसाठी डोळे दिपवणारे काम केलेला माणूस साठ मुलांत मैदान भरून दाखवू शकेलच असे नाही. ती वेगळी विद्या आहे. साठ मुले शंभर यार्डांवर पसरली तर मैदान भरत नाही, उलट रिकामे दिसते. जाणता डिझायनर त्यांना दोन्ही ३५ यार्डांच्या रेषांच्या आत ठेवतो, प्रॉप्स, म्हणजे देखाव्याचे सामान, लावून उरलेली जागा नजरेआड करतो आणि मोजक्या जागी सगळ्यांना एकदम फाकवतो.

दुसरी चौकशी त्याच्या जुन्या ग्राहकांकडे करावी. काम कसे होते हे विचारण्यापेक्षा ते केव्हा हातात आले हे विचारणे अधिक उपयोगाचे. कॅम्प सुरू झाल्यावर सोमवारी पहाटे त्या दिवसाची पाने पाठवणारे डिझायनर या धंद्यात आहेत, आणि त्यांच्या कलागुणांबद्दल कोणाचे दुमत नसते. पण कडक उन्हात शंभर मुले मैदानात उभी, प्रशिक्षकांचा रोज चालू आणि पाने मात्र अजून आलेली नाहीत, अशा सकाळीची किंमत कुठल्याच दरपत्रकात लिहिलेली नसते. डायरेक्टर मंडळी एकमेकांशी याबद्दल मोकळेपणाने बोलतात. विचारायला संकोच करू नये.

माझ्या मते सगळ्यात भरवशाची कसोटी ही की पहिल्या बोलण्यात डिझायनर किती प्रश्न विचारतो. कार्यक्रमाची कल्पना ऐकून लगेच आकृत्या सुचवू लागणाऱ्या माणसापेक्षा, तुमच्याकडे पहिल्या वर्षाची मुले किती, त्यांतली किती उलटे चालू शकतात, आठवड्याला सरावाचे तास किती, सरावाचे मैदान पूर्ण आखलेले आहे की वाहनतळावर रंगाचे ठिपके मारून काम भागवता, असे विचारणारा माणूस घ्यावा. हे सर्व त्याला लिहिण्यासाठी लागते आणि यातले बहुतेक फक्त शाळाच सांगू शकते. ड्रिल वाईट निघाले की दोष डिझायनरवर ढकलणे सोपे असते, पण अनेकदा त्याला दिलेली माहितीच खरी नसते.

त्यातली सर्वांत खोटी निघणारी माहिती म्हणजे संख्या. मे महिन्यात नावनोंदणीच्या कागदावर १२० नावे असतात. जूनमध्ये एकाचे कुटुंब दुसऱ्या राज्यात जाते, दोघी व्हॉलीबॉलच्या संघात निवडल्या जातात, काहींना कॅम्पचे ऊन पाहून विरक्ती येते, आणि ऑगस्टमध्ये मैदानात १०८ मुले उभी राहतात. ड्रिल मात्र १२०चे लिहिलेले असते. गेलेली बारा मुले रांगेच्या टोकाची असती तर निभावले असते, पण ती नेमकी वर्तुळाच्या मध्यातली असतात आणि प्रत्येक आकृतीत पडलेल्या दातांसारख्या बारा फटी राहतात. या फटींना बँडमध्ये ‘होल’ म्हणतात आणि परीक्षकांच्या नजरेतून त्या सुटत नाहीत. यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. एक म्हणजे संख्या कोणत्या तारखेला पक्की होणार हे पालकांना आधीच सांगून त्या तारखेला शुल्काचा पहिला हप्ता घेणे. पैसे भरलेले नाव सहसा गळत नाही. दुसरा म्हणजे डिझायनरला मनातली आशा नव्हे तर खात्रीची संख्या देणे आणि मागाहून येणाऱ्या मुलांना राखीव ठेवणे. ११० सांगितले आणि ११४ आली तर चौघांना एखाद्याच्या सावलीसारखे मागे चालून सगळे सेट शिकता येतात आणि पुढे होल पडला की त्यात उभे राहता येते. उलट बाजूने चुकले तर अर्धे ड्रिल पुन्हा लिहावे लागते, आणि ते फुकट होत नाही. केवळ एकूण आकडाही पुरत नाही. फ्लूट किती, ट्रम्पेट किती, सूसाफोन (अंगाभोवती घालायचा ट्युबा) किती, बॅटरीत म्हणजे चालणाऱ्या ड्रमवाल्यांत स्नेअर किती आणि बास ड्रम किती, अशी फोड द्यावी लागते, कारण आकृतीत कोण कुठे हे वाद्यानुसार ठरते.

मुलांच्या कुवतीचा हिशेब तर थेट इंचांत मांडता येतो. समजा एका ट्युबा विभागाला १६ काउंटमध्ये १५ यार्ड सरकायचे आहे. १५ यार्ड म्हणजे ५४० इंच. त्याला १६ने भागले की प्रत्येक पाऊल पावणेचौतीस इंचांचे, सुमारे ८६ सेंटिमीटरचे होते, म्हणजे प्रमाण पावलाच्या दीडपट. संगीताची गती मिनिटाला १६० ठोके असेल तर त्या मुलाचा वेग ताशी आठ किलोमीटरच्या वर जातो, म्हणजे तो जवळजवळ धावत असतो. त्याच्या अंगाभोवती दहा किलोंहून जड पितळी सूसाफोन असतो, कंबरेवरचा भाग प्रेक्षकांकडे वळवून त्याला बाजूला पळायचे असते आणि त्याच वेळी लांब स्वर न थरथरता धरायचा असतो. कसलेल्या पथकाला हे जमते. चौदा वर्षांच्या, दोन महिन्यांपूर्वी हे वाद्य पहिल्यांदा खांद्यावर घेतलेल्या मुलाला जमत नाही, आणि मग तो स्वर सोडून देतो किंवा जागेवर उशिरा पोहोचतो. डिझायनरला आधीच सांगता येते की वाजवताना प्रमाण पावलाच्या फार पुढे जाऊ नका, मोठी पावले जिथे ते वाद्य शांत आहे तिथे घाला, सूसाफोन आणि बास ड्रमना मध्याच्या आसपास ठेवा. हे निर्बंध कागदावर द्यावेत. त्यामुळे त्याच्या कल्पकतेला खीळ बसते असे काही डायरेक्टरांना वाटते. माझा अनुभव उलट आहे, कारण मर्यादा ठाऊक असलेला डिझायनर उगाच हात आखडता घेत नाही.

आवाजाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे आणि सामान्य पालकाच्या लक्षात सहसा येत नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मिरवणुकीत ढोल-ताशाचे पथक एकमेकांना खेटून वाजवते तेव्हा या वेगाचा विचार करावा लागत नाही, पण मैदानाच्या पुढच्या कडेला झायलोफोन, मरिंबा वाजवणारा पिट आणि त्याच्या ४० यार्ड मागे बॅटरी असेल, तर मागचा ठोका पुढे पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. १६० च्या गतीत दोन ठोक्यांमधले अंतरच सेकंदाच्या तीन अष्टमांशाएवढे असते. म्हणजे ठोक्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त उशीर झाला. दोन्ही गटांनी ड्रम मेजरचा, म्हणजे समोर उभे राहून ताल देणाऱ्या विद्यार्थ्याचा, हात पाहून अगदी एकाच क्षणी वाजवले तरी प्रेक्षकांना ते फाटलेले ऐकू येते. म्हणून बॅटरीला ताल मागून द्यायला लावतात आणि पुढच्यांना तो कानांनी ऐकून त्यावर वाजवायला शिकवतात, आणि ड्रिल लिहिताना बॅटरी शक्यतो मध्यभागी, वाजणाऱ्या मुख्य गटाच्या मागे ठेवतात. जो डिझायनर केवळ चित्र सुरेख दिसावे म्हणून ऐन जलद भागात बॅटरीला एका कोपऱ्यात आणि ट्रम्पेटना दुसऱ्या कोपऱ्यात लिहितो, त्याला वादनाचे अंग नाही असे खुशाल समजावे. त्याने लिहिलेल्या जुन्या कार्यक्रमात जलद भागांत बॅटरी कुठे आहे एवढे जरी पाहिले तरी बरेच कळते.

मैदानाचा आणखी एक बारकावा इथेच सांगतो. लांबीच्या दिशेने मैदानाचे तीन पट्टे करणाऱ्या तुटक खुणांना हॅश म्हणतात आणि त्या सर्व मैदानांवर सारख्या जागी नसतात. हायस्कूलच्या मैदानावर हॅश बाजूच्या रेषेपासून ५३ फूट ४ इंचांवर असते, महाविद्यालयाच्या मैदानावर ६० फुटांवर. फरक सुमारे साडेतीन पावलांचा पडतो. ड्रिल हायस्कूलच्या खुणांवर शिकवले आणि मोठी स्पर्धा विद्यापीठाच्या मैदानावर असली, तर मुले नजरेसमोरची हॅश धरून साडेतीन पावले चुकीच्या जागी उभी राहतात. कोणत्या खुणांवर लिहायचे आणि दुसऱ्या मैदानासाठी बदललेले आकडे छापून मिळतील का, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. सॉफ्टवेअरमध्ये ते काही मिनिटांचे काम असते. स्पर्धेच्या आदल्या रात्री मात्र ते करून द्यायला कोणी जागेवर सापडत नाही.

आता कराराकडे येऊ. दर तीन पद्धतींनी सांगितले जातात : संपूर्ण कार्यक्रमाचा एकरकमी, दर सेटमागे, किंवा मुलांच्या संख्येनुसार. सेटमागच्या दरात एक मेख आहे. जितके सेट जास्त तितके बिल मोठे, आणि मुलांना शिकायचेही तितकेच जास्त. म्हणून त्या पद्धतीत वरची मर्यादा लिहिल्याशिवाय सही करू नये. एकरकमी दरात मर्यादा असते ती बदलांवर. मुलांची संख्या बदलल्यामुळे करायच्या दुरुस्त्या किती वेळा मोफत, संगीत बदलले तर काय, डायरेक्टरला एखादा भाग आवडलाच नाही तर तो पुन्हा लिहिण्याचे वेगळे पैसे का, हे साध्या वाक्यांत लिहिलेले असावे. ‘आवश्यक ते बदल केले जातील’ असे मोघम वाक्य ऑक्टोबरमध्ये कोणाच्याच कामी येत नाही.

तारखांना माझ्या लेखी रकमेपेक्षा जास्त महत्त्व आहे. कार्यक्रमाचा पहिला भाग कॅम्पच्या किती आठवडे आधी, दुसरा केव्हा, शेवट केव्हा, आणि प्रत्येक हप्ता त्या त्या भागाच्या सुपुर्तीला जोडलेला, अशी रचना दोन्ही बाजूंना सोयीची असते. सही करताना थोडी आगाऊ रक्कम देणे रूढ आहे आणि योग्यही, कारण डिझायनर तुमच्यासाठी उन्हाळ्यातली जागा अडवून ठेवतो. सगळी रक्कम आधी देऊ नये आणि सगळी शेवटी ठेवून त्याला ताटकळवूही नये. शाळेकडून संगीत वेळेवर मिळाले नाही तर त्याच्या तारखाही तेवढ्याच पुढे सरकतील, असे कलम तो मागेल. ते मान्य करावे. ड्रिल संगीताच्या काउंटवर लिहिले जाते आणि अरेंजरने, म्हणजे बँडसाठी संगीताची मांडणी करणाऱ्याने, दिलेल्या मसुद्यात नंतर चार ठोके वाढले की पुढचे सगळे सेट सरकतात. शिवाय एखाद्या प्रसिद्ध गाण्याची बँडसाठी नवी मांडणी करायची तर मूळ हक्कधारकाची परवानगी मांडणी लिहिण्यापूर्वीच घ्यावी लागते आणि तिला कधी कधी आठवडेच्या आठवडे लागतात. परवानगी नाकारली गेली तर त्यावर लिहिलेले ड्रिलही गेले. आधी परवानगी, मग संगीत, मग ड्रिल, हा क्रम घाईत उलटा करण्याचा मोह दरवर्षी कोणाला तरी होतो.

हातात काय काय मिळणार हेही नोंदवावे : सॉफ्टवेअरची मूळ फाइल, प्रत्येक सेटचा छापील तक्ता, प्रत्येक मुलाच्या डॉटची स्वतंत्र यादी, संगीताशी जुळवलेली अॅनिमेशनची चित्रफीत, आणि शाळा मुलांच्या फोनवरचे अॅप वापरीत असेल तर त्यासाठीची फाइल. मूळ फाइल न देता फक्त तक्ते देणारे डिझायनर असतात आणि त्यामागे कामाची नक्कल होण्याची त्यांची भीती असते, ती अगदीच निराधार नाही. पण मूळ फाइल नसेल तर दोन मुलांची अदलाबदल करण्यासाठीही त्याची वाट पाहावी लागते. फाइल मिळेल पण ती दुसऱ्या शाळेला देणार नाही, असे लिहून देऊन मधला मार्ग निघतो.

हक्काचा प्रश्न अनेक पालकांना अनपेक्षित वाटतो. पैसे आपण दिले म्हणजे ड्रिल आपले, असे आपण धरून चालतो, पण अमेरिकेच्या कायद्यात नोकर आणि स्वतंत्र व्यावसायिक यांत फरक केला जातो. बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने घडवून घेतलेल्या शिल्पावरून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये हा मुद्दा तपासला आणि शिल्पकार संस्थेचा नोकर नव्हता असा निर्वाळा दिला. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कामाचा स्वामित्वहक्क, लेखी हस्तांतर केलेले नसेल तर, सर्वसाधारणपणे निर्मात्याकडेच राहतो. शाळेला संपूर्ण हक्क विकत घेण्याची सहसा गरज नसते. या हंगामात आणि पुढे कधीही याच शाळेने सादर करण्याचा, सादरीकरण चित्रित करण्याचा आणि गरजेपुरते बदल करण्याचा परवाना मिळाला की पुरे. त्याच्या बदल्यात डिझायनरने हेच ड्रिल त्याच हंगामात आपल्या स्पर्धेच्या परिघातल्या दुसऱ्या शाळेला विकू नये, एवढी अट घालावी.

पैसे शाळा देणार की बूस्टर क्लब, यावर कागदपत्रे ठरतात. शाळा देणार असेल तर शाळा-जिल्ह्याच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, खरेदीचे नियम लागू होतात आणि डिझायनर मुलांबरोबर मैदानात काम करायला येणार असेल तर बहुतेक ठिकाणी त्याची पार्श्वभूमी तपासली जाते. या दोन्हींना वेळ लागतो. क्लब देणार असेल तर खजिनदाराने पहिला धनादेश लिहिण्यापूर्वी डब्ल्यू-९ हा, डिझायनरचा करविषयक तपशील देणारा, अर्ज भरून घ्यावा आणि वर्षअखेरीस १०९९-एनईसी, म्हणजे त्याला दिलेल्या पैशांची करखात्यासाठीची नोंद, द्यावा लागतो का ते पाहावे. त्याची मर्यादा २०२५ पर्यंतच्या देयकांना ६०० डॉलर होती, २०२६ पासून ती २,००० डॉलर झाली आहे. ड्रिलचे शुल्क बहुधा दोन्हींच्या वरच असते. करार क्लबाच्या नावाने असावा, कोणा उत्साही पालकाच्या नावाने नव्हे.

ड्रिल हातात आल्यावर डिझायनरचे काम संपत नाही. मैदानात उतरल्यावर काही जागा खटकतातच : एखादी वळणारी रेषा वरून दिसावी तशी दिसत नाही, झेंडे बदलायला आठ काउंट पुरत नाहीत, प्रॉप कागदावरच्या मापापेक्षा फूटभर मोठा बांधला जातो. अशा वेळी तीन प्रशिक्षक, दोन पालक आणि डायरेक्टर सगळ्यांनी डिझायनरला वेगवेगळे निरोप धाडले तर तो कोणाचे ऐकणार? बोलणारा एकच असावा आणि तो डायरेक्टर असावा. बाकीच्यांनी आपले म्हणणे त्याच्याकडे द्यावे. सोबत वरून घेतलेले चित्रण आणि सेटचा क्रमांक पाठवला तर बहुतेक दुरुस्त्या एका दिवसात होतात. कॅम्पमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये त्याला एकदा प्रत्यक्ष बोलावता आले तर उत्तम, मात्र विमानाचे तिकीट आणि राहणे कोणाच्या खर्चाने हे आधी ठरलेले हवे.

हंगाम नोव्हेंबरात संपतो आणि चांगल्या डिझायनरांच्या पुढच्या उन्हाळ्याच्या जागा त्यानंतर लवकरच भरू लागतात. कल्पना, संगीत, प्रॉप्स यांतले काहीच ठरलेले नसले तरी संख्येचा अंदाज आणि कॅम्पची तारीख एवढ्यावर बोलणी सुरू करता येतात, आणि डायरेक्टरने हिवाळ्याच्या सुट्टीपूर्वी ती सुरू करावीत.